नुसतं तोंडी लावणं

रक्ततपासणीच्या कागदावर माझ्या नावापुढं ६.२ हा आकडा पाहिला तेव्हा मला आधी बरंच वाटलं. दहापैकी ६.२ म्हणजे फर्स्ट क्लास, आणि तो मला मॅट्रिकलासुद्धा मिळाला नव्हता. डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला आणि सांगितलं, ही एचबीए१सी नावाची परीक्षा आहे, हिच्यात मार्क जितके कमी तितकं चांगलं. ५.७ च्या खाली असाल तर सुखी, ६.५ ला मधुमेह. "तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात," ते म्हणाले. "भाकऱ्या किती खाता?"

"दोन."

शेजारी बसलेली बायको खोकली.

"म्हणजे सकाळी दोन. आणि संध्याकाळी दोन."

ती परत खोकली. डॉक्टर तिला औषध लिहून द्यायला निघाले, तेव्हा मला कबूल करावं लागलं की पाचच्या चहाबरोबर एखादी कडक भाकरी मोडून खाल्ली जाते. पण ती कडक असते, म्हणजे तिच्यात पाणी नसतं, म्हणजे ती धरायची नसते. डॉक्टरांनी कागदावर 'पिष्टमय पदार्थ कमी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

सोलापूरच्या माणसाला भाकरी कमी कर म्हणणं म्हणजे वारकऱ्याला चालणं कमी कर म्हणण्यासारखं आहे. शेजारच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला सरकारनं भौगोलिक मानांकन दिलंय. त्या ज्वारीवर पोसलेल्या माझ्या पोटालाही ते लागू पडावं असं मला बरेच दिवस वाटत आलंय. या मातीतलं खास उत्पादन आहे, दुसरीकडं असं येत नाही.

घरी येऊन हिंजवडीतल्या भाच्याला फोन केला ही पहिली चूक. त्यानं वर्षात चौदा किलो वजन उतरवलंय आणि तेव्हापासून तो जेवणाबद्दल हिशेबतपासनीसासारखा बोलतो. "मामा, तुम्ही आजवर जे खात आलाय ना, ते सगळं साखर आहे."

"ज्वारीची भाकरी पण?"

"गव्हाच्या शंभर ग्रॅममध्ये सत्तरच्या आसपास पिष्ट, ज्वारीतही तेवढंच. पोटाला काय कळतंय ती परातीत थापलीय का पोळपाटावर लाटलीय?"

माझ्या पन्नास वर्षांच्या समजुतीला त्यानं असा एका वाक्यात सुरुंग लावला. पोळीनं वजन वाढतं, भाकरीनं उतरतं, हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक असतं. मी म्हणालो, "मग खायचं काय?" त्यावर त्यानं यादी पाठवली. बदामाचं पीठ, ऑलिव्ह तेल, अ‍ॅव्होकॅडो, झुकिनी, चीज, चिया नावाचं काहीतरी. यादीतल्या निम्म्या वस्तू मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या आणि उरलेल्या निम्म्या पाहून पुढं गेलो होतो.

"हे सगळं नवं फॅड आहे," बायको म्हणाली. त्यावर मी भाच्यानं पढवलेला इतिहास तिला सांगितला. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थानं याच पथ्यावर पुस्तिका लिहिली. वजन दोनशे पौंडांवर गेलेलं, बुटाचे बंद बांधायला वाकता येईना. मग पाव, साखर, बटाटे सोडले आणि वर्षभरात सेहेचाळीस पौंड उतरवले.

"करायचा काय तो?"

"अंत्यविधीची कामं घ्यायचा. राजघराण्याची सुद्धा."

"हं. आणि पावाऐवजी खायचा काय?"

"मटण, मासे. आणि जेवताना दोन-तीन पेले क्लॅरेट. वाईनचा प्रकार आहे. पण एक्क्याऐंशी वर्षं जगला!"

"म्हणजे पाव सोडून पेला धरला," ती म्हणाली. "सगळ्या इतिहासातलं तुम्हाला बरोबर तेवढंच लक्षात राहिलं."

तरीही आम्ही त्या मोठ्या, थंडगार दुकानात गेलो. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळिसाला टेकतो, तेव्हा नुसत्या गारव्यासाठीसुद्धा तिथं अर्धा तास काढणं परवडतं. काही विकत घेणं परवडत नाही, एवढंच. अर्धा किलो बदामाचं पीठ साडेसातशे रुपये. घरी ज्वारी पन्नास रुपये किलोनं येते, तीही मापाच्या वर ओंजळभर घेऊन. बायकोनं ते पुडकं दोन्ही हातांत धरून वरखाली केलं. वजनाचा अंदाज घेत होती का माझ्या अकलेचा, कळलं नाही. अ‍ॅव्होकॅडो एकच घेतला, एकशे ऐंशीला. बाकीची यादी मी गर्दीत हरवली.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर जे घडलं ते मी विसरू म्हटलं तरी बायको विसरू देत नाही. ज्वारीची भाकरी हा तिचा हातखंडा आहे. पिठाला उकळतं आधण घालायचं, पोळत्या हातानं मळायचं, गोळा परातीत ठेवून तळव्यानं फिरवत थापायचं. थाप-थाप-थाप, आणि भाकरी चंद्रासारखी गोल वाढत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग आचेवर धरली की टम्म फुगून पापुद्रा सुटतो. पीठ जुनं असलं तरी ते तिला पहिल्या थापेला कळतं. "विरी गेलीय," असं म्हणून ती गिरणीवाल्याचा उद्धार करते.

बदामाच्या पिठात विरी गेलेली नव्हती. ती तिथं कधी आलीच नव्हती. आधण घातलं तर पिठाचा रवाळ चिखल झाला. दोन थापांतच गोळ्याचे सात तुकडे झाले. सांधून परत थापला, परत फुटला. शेवटी प्लॅस्टिकच्या कागदावर थापून तिनं तो नकाशा तव्यावर सोडला, आणि उलटायला गेली तर त्याचे महाराष्ट्रातल्या पक्षांसारखे गट पडले.

"ही थापायची भाकरी नाही," ती उलथनं खाली ठेवून म्हणाली, "हिला समजावून सांगावं लागतं."

एकशे वीस रुपयांचा तो चुरा मी वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ला. चव वाईट नव्हती. पण दिवसभर खपून आलेल्या माणसाला एकशे वीस रुपयांत चुरा मिळावा, याचा घास घशात अडकतो. उरलेलं पीठ डब्यात भरून वरच्या फळीवर गेलं. अ‍ॅव्होकॅडो दगडासारखा होता, तो पिकायला घरात एकच जागा, तांदळाचा डबा. भाताचा शत्रू भाताच्याच कुशीत चार दिवस झोपला आणि पाचव्या दिवशी काळा पडला. बायकोनं त्यातला वाचला तेवढा गर काढून दाण्याचं कूट, मिरची आणि लिंबू घालून कोशिंबीर केली. आईनं एक घास खाल्ला आणि विचारलं, "काकडीला साबण कुणी लावला?"

पुढच्या आठवड्यात फ्लॉवरचा भात झाला. फ्लॉवर किसायचा, वाफवायचा आणि त्याला भात म्हणायचं. किसताना माझ्या बोटांचीही थोडी साल त्यात गेली, तेवढाच मांसाहार. पण त्या ढिगावर आमटी ओतली की ती थांबत नाही. भातात आमटी मुरते. फ्लॉवरमधून ती थेट ताटाच्या कडेला जाऊन उभी राहते, पाहुणी म्हणून आल्यासारखी. वास जिन्यापर्यंत गेला. खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि दारातूनच म्हणाले, "गटार तुंबलंय का बघालतो."

महिनाअखेर बायकोनं वही काढली. ज्वारी आणि तांदूळ मिळून वाचले तीनशे वीस रुपये. जादा गेले दोन हजार सातशे. "पोट जागच्या जागी आहे," ती म्हणाली, "पाकीट तेवढं उतरलं."

तेव्हा मला प्रथम कळलं की गरिबाला आणि मध्यमवर्गीयाला जे स्वस्तात पोटभर मिळतं, ते सगळंच पिष्ट असतं. वडापाव, पोहे, उपमा, भात, बिस्किटाचा पुडा. शंभर रुपयांत चार माणसांचं पोट भरायचं तर दुसरा रस्ता नाही. आणि आपलं ताट तर असं रचलंय की मधे भाकरी आणि बाकी सगळं तोंडी लावणं. भाजी, चटणी, ठेचा, लोणचं हे सगळे वऱ्हाडी. नवरदेवच पळून गेला तर वऱ्हाडानं करायचं काय? पहिले काही दिवस माझा उजवा हात ताटावर जायचा, चटणीजवळ थांबायचा आणि परत यायचा. भाकरीचा तुकडा मोडायची त्याची सवय. चमचा धरला की तो दवाखान्यातल्यासारखा वागायचा.

बरं, भाकरी ताटातून काढता येते, भाषेतून कशी काढणार? ऑफिसात कुणाला मदत करायला गेलो तर शेजारचा म्हणे, "कशाला लष्कराच्या भाकरी भाजता, साहेब?" आणि मला लष्कराचा हेवा वाटे. टीव्हीवर पुढारी भाकरी फिरवायची म्हणत, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तवा यायचा. कोण आपल्याच पोळीवर तूप ओढतंय, कोण शितावरून भाताची परीक्षा करतंय, बोलाची कढी आली तर सोबत बोलाचा भात आहेच. साखरेचं खाणार त्याला म्हणे देव देणार. पथ्याची सोय असलेली एकही म्हण मला आठवेना. शेवटी मी गप्प राहू लागलो. लोकांना वाटलं, अशक्तपणा आलाय.

ऑफिसात तर आधीच दोन तट होते. एक डॉ. दीक्षितांचा, दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवून उठणारा. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, आजीच्या हातचं, साजूक तूप घालून, दर दोन तासांनी थोडं थोडं. पहिल्या तटाचे लोक जेवताना घड्याळ बघतात, दुसऱ्या तटाचे काम करताना डबा बघतात. मी तिसरी आघाडी काढली तेव्हा दोघांनीही मला वेड्यात काढलं, त्या निमित्तानं प्रथमच एकमेकांच्या टेबलाशी जाऊन बोलले.

खर्चाच्या हिशेबात बसेल असं काहीतरी शोधायला हवं होतं. शोधाशोध केल्यावर ते शेवटी आमच्या उखळातच सापडलं. शेंगाचटणी! भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, तेल सुटेपर्यंत कुटलेली. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रथिनं, आणि पिष्ट ज्वारीच्या पाव हिश्शाच्याही आत. दर, चिया नामक बियांपेक्षा कितीतरी कमी. भाच्याच्या मोबाईलमध्ये जेवण मोजणारं एक अ‍ॅप आहे, त्यात 'शेंगाचटणी' टाकली तर ते विचारतं, तुम्हाला पीनट बटर म्हणायचंय का? सोलापूरच्या माणसानं असला अपमान सहन करू नये. मी त्याच रात्री वाटीभर चटणी, भाकरीशिवाय, चमच्यानं खाल्ली. चटणी ही भाकरीला लावायची चीज आहे, हे आमच्या पूर्वजांनी काही विचार करूनच ठरवलं असणार. रात्रभर उचक्या लागत होत्या. सकाळच्या हालांचं वर्णन करत नाही. लसणामुळं दोन दिवस ऑफिसात माझ्या टेबलाशी फाईल घेऊन कुणी आलं नाही, हा मात्र फायदा.

मग पालेभाज्या. लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उशिरा जायचं, टोपल्या उचलायची वेळ झाली की सकाळची पंधराची मेथी दहाला दोन होते. शेपू, चाकवत, तांदुळसा, अंबाडी. मी रोज दोन्ही हातांत जुड्या घेऊन यायला लागलो. चौथ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी पैसे मोजता मोजता विचारलं, "शेळी पाळलाव काय, काका?"

"नाही. मीच खातो."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकल्या. पैसे घेतले नाहीत. एवढी दया मला आजवर कुठल्याच मंडईत मिळाली नव्हती.

राहिली अंडी. सात रुपयाला एक, सहा ग्रॅम प्रथिनं, पिष्ट जवळजवळ शून्य. अर्थशास्त्राच्या नजरेनं बघाल तर याच्यासारखं खाणं नाही. पण आमच्या घरात आई आहे, आईच्या घरात देव आहेत, आणि देवांच्या घरात अंडं चालत नाही. म्हणून मी ऑफिसात सोय केली. आमच्या विभागात चहासाठी विजेची किटली आहे. साडेदहाला सगळे सहीला जातात तेव्हा तिच्यात दोन अंडी सोडायची, बारा मिनिटांत उकडतात. आठवडाभर उत्तम चाललं. नवव्या दिवशी मोठ्या साहेबांनी आत बोलावलं, मी गेलो आणि अडकलो. परत आलो तर एक अंडं तडकून किटलीभर पांढऱ्या चिंध्या तरंगत होत्या, आणि शिपाई त्याच पाण्यात चहाची पावडर टाकत होता.

"दूध नासलं वाटतं," तो म्हणाला. त्यानं अजून दूध घातलंच नव्हतं. तो चहा बाराजणांनी प्यायला. दोघांनी आज चहात काय घातलंय म्हणून विचारलं, एकानं दुसरा कप मागितला. मी त्या दिवशी चहा घेतला नाही. पथ्य असतं.

टरफलांचा प्रश्न वेगळाच. ऑफिसच्या डब्यात टाकली तर बोभाटा, म्हणून मी ती कागदात गुंडाळून घरी आणायचो आणि रात्री गच्चीवरच्या गुलाबाच्या कुंडीत चुरून मातीखाली ढकलायचो. गुलाबाला अवघ्या महिन्याभरात असा काही बहर आला की शेजारपाजारचे बघायला आले. आई सगळ्यांना सांगायची, देवाच्या अभिषेकाचं पाणी घालते, त्याची पुण्याई. आणि रोज सकाळी त्यातलं एक टपोरं फूल खुडून देव्हाऱ्यात वाहायची. मी हात जोडून उभा असायचो, नजर फरशीवर.

आषाढी एकादशीला तर मोठाच पेच. पंढरपूर आमच्या जिल्ह्यात, आमच्या घरात उपास कुणाला चुकत नाही. आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी, भगर. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातला नुसता स्टार्च, तो तामिळनाडूतल्या सेलमहून येतो, आणि आपण त्यावर बटाटा घालून त्याला उपास म्हणतो. वर्षभर जेवढं पिष्ट टाळलं तेवढं या एका पवित्र दिवशी वसूल होतं. मी ताट पुढं घेऊन खिचडीतून शेंगदाणे वेचून खाऊ लागलो.

"मोती बाजूला काढून शिंपले कोण खातं?" आई म्हणाली.

"पथ्य आहे गं."

"मग आज तू जेवलास तरी चालेल," ती म्हणाली. "उपास आम्ही करतो."

लग्नसराईबद्दल न बोललेलंच बरं. पंक्तीत मसालेभात नको, पुरी नको, जिलबी नको म्हटल्यावर वधूपित्यानं मला बाजूला घेतलं आणि मानपानात काही राहिलं का म्हणून विचारलं. त्याचे डोळे पाण्यानं भरलेले. अशा वेळी माणूस 'अर्धीच' म्हणतो. मी चार जणांच्या आग्रहाला मान देऊन चारदा अर्धी खाल्ली. अर्ध्या जिलब्यांची बेरीज करायची पद्धत आपल्याकडं नाही, ही फार चांगली गोष्ट आहे.

भाद्रपद लागल्यावर परत तपासणी केली. हा आकडा तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो म्हणतात. म्हणजे आदल्या दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही. मी चौकशी केली होती. ५.९ आला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता भाकऱ्या किती?"

"जेवणाला एक."

मी बायकोकडं बघितलं. ती खोकली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "कडकचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

घरी आलो तर गौरींच्या स्वयंपाकाची तयारी चाललेली. वरच्या फळीवरचा डबा खाली आला होता. "चारशे ग्रॅमच्या वर उरलंय," बायको म्हणाली. "आणखी महिन्यानं खवट होईल. सहाशे रुपयांचं पीठ टाकून द्यायचं?" चारशे ग्रॅम बदामाच्या पिठात चारशे ग्रॅम साखर, वेलची, वरून पिस्त्याचे काप. वड्या देखण्या पडल्या. एकही फुटली नाही. नैवेद्य दाखवल्यावर तिनं एक वडी माझ्या हातावर ठेवली. मी मनात हिशेब केला. एकूण चाळीस वड्या, एक वडी पंधरा रुपयांच्या वर जात होती. प्रसाद, शिवाय पैसे मोजलेले. तिसऱ्या वडीनंतर मी हिशेब थांबवला.

आई गच्चीवरून परडी घेऊन आली. परडीत जास्वंद, तेरडा, दोन-चार शेवंत्या.

"गुलाब नाही?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले, कळी नाही त्याला." तिनं परडी खाली ठेवली आणि दूर्वा निवडायला बसली. माझ्याकडं बघितलं नाही. "श्रावण पाळलास ते बरं केलंस. पण आता संपला ना श्रावण? गौरी जाऊ देत. मग परवापासून आणत जा तुझं ते कागदातलं."